वाचकांचे प्रश्न : स्वतःच्या सर्व्हरवरील गिट नेमके कुठे अडते?

या महिन्यात सोलापूरहून आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरत असल्याने हे सदर त्यांनाच दिले आहे. गिट म्हणजे प्रोग्रॅमच्या कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली. तिच्यातील कोड दुसऱ्याच्या सेवेवर न ठेवता स्वतःच्या यंत्रावर ठेवावा आणि त्याच्यासमोर वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरच्या विनंत्या स्वीकारणारा प्रोग्रॅम, बसवावा, एवढाच या सर्वांचा बेत आहे. मात्र प्रत्येकाची गाडी वेगळ्या ठिकाणी अडली आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत. आज्ञा, सेटिंगची नावे आणि त्रुटिसंदेश येथे देवनागरीत छापले आहेत. टंकताना ते अर्थातच त्यांच्या मूळ रोमन रूपात टंकावेत.

प्रश्न : औद्योगिक वसाहतीतील टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांसाठी साठा व बिलांचे सॉफ्टवेअर आमचा लहानसा गट तयार करतो. कार्यालयातील एका जुन्या संगणकावर उबुंटू टाकून त्यावर गिटी (सर्व्हरवरील गिट वेब पानांतून हाताळू देणारा प्रोग्रॅम) आणि तिच्यासमोर एनजिनएक्स हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर बसवले. संगणकाच्या पत्त्यापुढे ३००० हा पोर्ट लिहिला की गिटी व्यवस्थित उघडते. डोमेनचे नाव टाकल्यावर मात्र आधी एनजिनएक्सचे स्वागताचे पान दिसले आणि काही बदल केल्यावर '५०२ बॅड गेटवे' येऊ लागले. तेही कसेबसे सुटले, तर आता क्लोनच्या, म्हणजे कोडची पूर्ण प्रत उतरवून घेण्याच्या, दुव्यात 'लोकलहोस्ट:३०००' असे दिसते आणि डिझाइनची मोठी चित्रे असलेली रिपॉझिटरी (एका प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांचा इतिहास) पुश केली, म्हणजे सर्व्हरवर पाठवली, की '४१३' येऊन काम थांबते. इंटरनेटवरील सल्ल्यानुसार प्रत्येकाच्या संगणकावर 'एचटीटीपी.पोस्टबफर' ५०० एमबी केले, तरी फरक पडला नाही. सगळे पुसून पहिल्यापासून बसवावे का?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : मुळीच पुसू नये. आपल्या पत्रात एक नव्हे तर चार वेगवेगळे दोष आहेत आणि त्यांपैकी एकही पुन्हा बसवल्याने जाणारा नाही, कारण नव्या यंत्रणेतही त्याच मूळ सेटिंग येतील आणि त्याच ठिकाणी काम पुन्हा अडेल. आपण पाठवलेली विनंती आधी एनजिनएक्सच्या हाती जाते, एनजिनएक्स ती गिटीकडे देते आणि गिटी प्रत्यक्ष गिटकडून काम करून घेते. या तिघांपैकी विनंती कोणापाशी थांबली हे ठरवल्याखेरीज एकाही सेटिंगला हात लावू नये, एवढा एक नियम पाळला तरी निम्मा वेळ वाचतो.

स्वागताचे पान दिसणे ही खरे तर चांगली खूण आहे. डोमेनचे नाव आपल्या यंत्रापर्यंत पोहोचते आणि एनजिनएक्स चालू आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते. आलेल्या विनंतीतील नाव कोणत्याही 'सर्व्हर_नेम'शी जुळले नाही, तर एनजिनएक्स ती विनंती त्या पोर्टवरील 'डिफॉल्ट_सर्व्हर'कडे सोपवते आणि उबुंटूत तो म्हणजे हेच स्वागताचे पान असते. बहुतेक वेळा कारण साधे निघते : आपली फाइल 'साइट्स-अव्हेलेबल'मध्ये लिहिलेली असते, पण 'साइट्स-एनेबल्ड'मध्ये तिचा दुवा केलेला नसतो, किंवा दुवा केल्यानंतर एनजिनएक्स रीलोड केलेले नसते. प्रत्येक बदलानंतर आधी 'एनजिनएक्स -टी' ही आज्ञा देऊन फाइलीची तपासणी करावी आणि ती निर्दोष ठरल्यावरच रीलोड करावे.

५०२ 'कसेबसे सुटले' असे आपण लिहिता, त्याची मात्र काळजी वाटते. जो दोष कशाने गेला हे ठाऊक नसते, तो पुढच्या अपडेटला परत येतो. ५०२चा अर्थ एवढाच, की एनजिनएक्स जागेवर आहे, पण मागच्या प्रोग्रॅमकडून त्याला धड उत्तर मिळाले नाही. कारण ब्राउझरमध्ये कधीच दिसत नाही, ते '/व्हार/लॉग/एनजिनएक्स/एरर.लॉग' या फाइलीत लिहिलेले असते. एका खिडकीत 'टेल -एफ' लावून ही फाइल उघडी ठेवावी, दुसरीकडे पान रीफ्रेश करावे आणि त्या क्षणी उमटलेली ओळ शेवटपर्यंत वाचावी. ओळीत '१११ : कनेक्शन रिफ्यूज्ड' असेल, तर एनजिनएक्सने ज्या पत्त्यावर दार ठोठावले तेथे कोणीच ऐकत नाही, अशा वेळी 'एसएस -टीएलएनपी' ही आज्ञा देऊन गिटी खरोखर कोणत्या पत्त्यावर आणि पोर्टवर ऐकत आहे ते पाहावे. एनजिनएक्स आणि गिटी वेगवेगळ्या डॉकर कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम एकमेकांपासून अलग चालवण्याच्या कप्प्यांत) असतील, तर 'लोकलहोस्ट' लिहून चालत नाही, कारण कंटेनरच्या आत त्या शब्दाचा अर्थ तोच कंटेनर असा होतो; तेथे गिटीच्या कंटेनरचे नाव लिहावे लागते. ओळीत '१३ : परमिशन डिनाइड' असेल, तर गोष्ट निराळी आहे. रॉकी, अल्मा किंवा फेडोरा यांसारख्या प्रणालींत एसईलिनक्स हे सुरक्षा-कवच वेब सर्व्हरला आपणहून दुसऱ्या पोर्टशी जोडू देत नाही आणि तेथे 'एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट' ही परवानगी चालू करावी लागते. उबुंटूत हे कवच मुळात बसवलेले नसते, म्हणून आपल्या यंत्रापुरते ते बाजूला ठेवता येईल. अशा वेळी एसईलिनक्सच बंद करून टाकावे असा सल्ला सर्रास दिला जातो. एका परवानगीसाठी सगळे कवच उतरवून ठेवण्यात शहाणपण नाही.

क्लोनच्या दुव्यातील 'लोकलहोस्ट:३०००' हा एनजिनएक्सचा दोष नाही. बाहेरचे जग आपल्याला कोणत्या नावाने ओळखते हे गिटीला सांगितलेले नाही, म्हणून ती स्वतःला ठाऊक असलेला पत्ता छापते. गिटीची 'अ‍ॅप.आयएनआय' ही फाइल साधारणपणे '/ईटीसी/गिटी' या फोल्डरमध्ये असते. तिच्या 'सर्व्हर' विभागात 'रूट_यूआरएल' पुढे 'एचटीटीपीएस'सह आपला पूर्ण पत्ता, शेवटच्या तिरक्या रेघेसकट लिहावा आणि गिटी रीस्टार्ट करावी. त्याच विभागात 'एचटीटीपी_अ‍ॅड्र' पुढे १२७.०.०.१ लिहून टाकावे. गिटी मुळात यंत्राच्या सर्व पत्त्यांवर ऐकते आणि त्यामुळे एनजिनएक्सला वळसा घालून ३००० या पोर्टवर थेट येण्याचा रस्ता उघडा राहतो, जो आज आपल्या कार्यालयात उघडाच आहे. एनजिनएक्सच्या बाजूने 'होस्ट' आणि 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हे दोन हेडर (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) 'प्रॉक्सी_सेट_हेडर'ने पुढे पाठवावेत, म्हणजे मूळ विनंती कोणत्या नावाने आणि सुरक्षित जोडणीवरून आली की साध्या, हे गिटीला कळते. मुख्य संकेतस्थळाच्या पोटात '/गिट/' असा उपमार्ग काढून तेथे गिटी बसवण्याचा मोह होतो. ते जमते, पण 'प्रॉक्सी_पास'च्या शेवटी तिरकी रेघ असणे आणि नसणे यांत मार्गाचा अर्थच बदलतो आणि एका रेघेपायी दिवस जातो. स्वतंत्र उपडोमेन घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ४१३, म्हणजे विनंती फार मोठी असल्याचा नकार. एनजिनएक्स एका विनंतीत मुळात १ एमबीपर्यंतच मजकूर स्वीकारते. रोजचे पुश काही केबींचे असल्याने ते निमूट जातात आणि ज्या दिवशी कोणी जॅकार्ड टॉवेलच्या डिझाइनचे वीस एमबींचे चित्र कमिट करतो, म्हणजे गिटमध्ये नोंदवतो, त्याच दिवशी सर्व्हर बिघडल्यासारखा वाटतो. उपाय सर्व्हरवर आहे : संबंधित 'सर्व्हर' विभागात 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ ५१२एम' अशी ओळ लिहावी. तेथे शून्य लिहिल्यास मर्यादाच उठते. विश्वासातल्या गटापुरते ते चालेल. पण इंटरनेटवर उघड्या असलेल्या यंत्रावर ठरावीक आकडा असलेला बरा.

पोस्टबफरच्या सल्ल्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तो जिकडेतिकडे आढळतो आणि या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. ही सेटिंग पाठवणाऱ्याच्या संगणकावरची आहे. तिचे मूळ मूल्य १ एमबी असून त्याहून मोठा मजकूर असेल तर गिट तो तुकड्यातुकड्यांनी पाठवते, इतकेच ती ठरवते. ती वाढवल्याने तुकडे पडत नाहीत, परंतु एकूण आकार तेवढाच राहतो आणि समोरच्या सर्व्हरची मर्यादाही जशीच्या तशी राहते. पुशच्या बहुतेक अडचणींवर हा परिणामकारक उपाय नाही आणि त्याने मेमरी मात्र बरीच खर्च होऊ शकते, असे गिटच्या अधिकृत दस्तऐवजातच नमूद केलेले आहे. तेव्हा सर्वांच्या संगणकांवरून ती ओळ 'गिट कॉन्फिग --ग्लोबल --अनसेट एचटीटीपी.पोस्टबफर' या आज्ञेने काढून टाकावी.

मर्यादा वाढवल्यावर पुढे दोन अडथळे येण्याची शक्यता आहे. मागचा प्रोग्रॅम ६० सेकंद काहीच बोलला नाही तर एनजिनएक्स '५०४' देऊन जोडणी सोडून देते. जुन्या संगणकावर मोठ्या रिपॉझिटरीचा पहिला पुश पचवायला याहून जास्त वेळ लागू शकतो, म्हणून 'प्रॉक्सी_रीड_टाइमआउट' ३०० सेकंदांपर्यंत न्यावा. दुसरे असे, की एनजिनएक्स आलेला सगळा मजकूर आधी स्वतःकडे तात्पुरत्या फाइलीत साठवते आणि मगच गिटीकडे देते. त्या विभागातील डिस्क भरलेली असेल तर '५००' येतो आणि एरर लॉगमध्ये 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असे शब्द दिसतात. 'डीएफ -एच' देऊन एकदा डिस्क पाहून घ्यावी. दोष एनजिनएक्सचा की गिटीचा असा संशय उरलाच, तर तीच रिपॉझिटरी एसएसएचवरून, म्हणजे सर्व्हरशी थेट सुरक्षित जोडणीच्या दुसऱ्या पद्धतीने, पुश करून पाहावी. एसएसएचची वाट एनजिनएक्समधून जातच नाही, त्यामुळे तेथून पुश गेला आणि एचटीटीपीएसवरून अडला, तर संशय एनजिनएक्सवरच राहतो.

चित्रांसाठी गिट एलएफएस (मोठ्या फाइली वेगळ्या साठवण्याची सोय) वापरावे हे तर उघडच आहे आणि गिटीत त्याची सोय आहे. मात्र एलएफएसमधील प्रत्येक फाइल याच एनजिनएक्समधून जाते, म्हणून ५१२ एमबीची मर्यादा आपल्या सर्वांत मोठ्या चित्रापेक्षा जास्त असली पाहिजे.

प्रश्न : भाड्याच्या सर्व्हरवर मी गिटी चालवतो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे, सर्व्हरची ओळख पटवणारे मोफत प्रमाणपत्र बसवले आहे. ब्राउझरमध्ये सर्व ठीक दिसते. परंतु लिनक्सवरून क्लोन करताना 'अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट' असा संदेश येतो. मित्राने 'एचटीटीपी.एसएसएलव्हेरिफाय' बंद करायला सांगितले. तसे केल्यावर काम चालते. याच प्रमाणपत्राची मुदत मागे एकदा संपली होती, तेव्हाही सर्टबॉट (ते प्रमाणपत्र आणणारा व बदलणारा प्रोग्रॅम) मात्र नूतनीकरण झाल्याचे सांगत होता. हे काय गौडबंगाल आहे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या मित्राने दिलेला सल्ला कृपया आजच मागे घ्यावा. ती तपासणी बंद केली, की समोरचा सर्व्हर खरोखर आपलाच आहे की वाटेत कोणी त्याचे सोंग घेऊन बसले आहे, हे गिट पाहतच नाही आणि आपला पासवर्ड किंवा टोकन निमूट समोरच्याच्या हाती देते. शिवाय ही सेटिंग '--ग्लोबल' दिली असेल, तर ती फक्त आपल्या सर्व्हरपुरती न राहता त्या संगणकावरून जाणाऱ्या प्रत्येक गिट जोडणीला लागू होते.

दोष जवळजवळ निश्चितपणे एका फाइलीच्या नावात आहे. सर्टबॉट प्रत्येक डोमेनच्या फोल्डरमध्ये 'सर्ट.पीईएम' आणि 'फुलचेन.पीईएम' अशा दोन्ही फाइली ठेवतो. पहिलीत फक्त आपले प्रमाणपत्र असते, तर दुसरीत त्याच्या जोडीला ते देणाऱ्या मधल्या संस्थेचे प्रमाणपत्रही असते. एनजिनएक्सच्या 'एसएसएल_सर्टिफिकेट' या ओळीत पहिलीचे नाव लिहिले गेले, की साखळीतील मधली कडी पाहुण्याला मिळत नाही. ब्राउझर ही उणीव झाकून नेतात, कारण काही ब्राउझर ती कडी स्वतः शोधून आणतात आणि काहींपाशी ती आधीच साठवलेली असते. लिनक्सवरील गिट असा कोणताही शोध न घेता सरळ नकार देते. म्हणजे येथे गिट बरोबर आहे आणि ब्राउझर सौजन्य दाखवत आहे. 'ओपनएसएसएल एस_क्लायंट' ही आज्ञा '-सर्व्हरनेम' आणि '-शोसर्ट्स' या पर्यायांसह आपल्या डोमेनच्या ४४३ पोर्टवर चालवून पाहावी. एकच प्रमाणपत्र दिसले तर निदान पक्के झाले, 'फुलचेन.पीईएम' लिहून रीलोड केल्यावर तेथे किमान दोन दिसली पाहिजेत. ही तपासणी दुसऱ्या यंत्रावरून केलेली बरी.

मुदतीचे कोडे याच्याच शेजारचे आहे. लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते आणि सर्टबॉट ते मुदत संपण्यापूर्वीच बदलतो; परंतु एनजिनएक्स प्रमाणपत्राची फाइल सुरू होताना किंवा रीलोड होताना एकदाच वाचते आणि पुढे तीच प्रत मेमरीतून दाखवत राहते. डिस्कवर नवे, मेमरीत जुने, अशी ती अवस्था होती. नूतनीकरण यशस्वी झाल्यावर एनजिनएक्स आपोआप रीलोड व्हावे, यासाठी सर्टबॉटला 'डिप्लॉय-हुक' देऊन ठेवावा आणि 'सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन' करून नूतनीकरणाची रंगीत तालीम घ्यावी. ती तालीमच फसत असेल तर ८० क्रमांकाचा पोर्ट पाहावा. सुरक्षेच्या नावाखाली तो बंद केलेला असतो आणि लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची पडताळणी त्याच पोर्टवरून होते. मुदत संपत आल्याची आठवण करून देणारे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केले आहेत. त्यामुळे त्या ईमेलवर विसंबून असणाऱ्यांनी स्वतःची काही व्यवस्था करणे भाग आहे.

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अपाची हा वेब सर्व्हर आणि वेबवरून कोडची देवघेव करणारा गिटचा 'गिट-एचटीटीपी-बॅकएंड' वापरून साध्या बेअर (फक्त गिटचा इतिहास असलेल्या) रिपॉझिटरी ठेवल्या आहेत. विद्यार्थ्यांना क्लोन करता येते. पुश केल्यावर मात्र पासवर्ड न विचारताच '४०३' येतो. सुट्टीत सर्व्हरची प्रणाली नवी केल्यापासून तर क्लोनही होत नाही आणि अपाचीच्या लॉगमध्ये 'डिटेक्टेड ड्युबियस ओनरशिप' असे दिसते.
— एक प्राध्यापक, सोलापूर

उत्तर : सर, आधी नवा दोष पाहू. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या २.३५.२ या आवृत्तीपासून गिटने सुरक्षेसाठी एक नियम आणला : रिपॉझिटरीच्या फोल्डरचा मालक आणि आज्ञा चालवणारा वापरकर्ता वेगळे असतील, तर गिट त्या फोल्डरला हात लावत नाही. प्रयोगशाळेत रिपॉझिटरी बहुधा 'सुडो' लावून तयार केल्या जातात, त्यामुळे त्यांचा मालक 'रूट', म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी वापरकर्ता, असतो. अपाची मात्र उबुंटूत 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या नावाने चालते. सरळ उपाय म्हणजे 'सीएचओन -आर' वापरून सर्व रिपॉझिटरींची मालकी त्या वापरकर्त्याला देणे. पुश करताना लिहिण्याचा अधिकार लागतोच, म्हणून हे कधीतरी करावेच लागले असते. काही कारणाने मालकी बदलता येत नसेल, तर 'सेफ.डिरेक्टरी'मध्ये त्या फोल्डरांची नावे द्यावीत. पण ती '/ईटीसी/गिटकॉन्फिग' या यंत्रव्यापी फाइलीत द्यावीत, कारण अपाचीने चालवलेल्या प्रक्रियेला आपल्या खात्यातील सेटिंग वाचता येत नाहीत. आपल्या टर्मिनलवर संदेश गेला आणि अपाचीत तसाच राहिला, अशी तक्रार यातूनच उद्भवते. नावांच्या जागी तारांकित चिन्ह लिहून सगळेच सुरक्षित ठरवण्याची पळवाट उपलब्ध आहे. शेकडो विद्यार्थी वापरणाऱ्या यंत्रावर ती घेऊ नये.

पुशचा ४०३, म्हणजे परवानगी नसल्याचा नकार, ही बॅकएंडची ठरवून ठेवलेली वागणूक आहे. वाचायला तो कोणालाही देतो, लिहायला मात्र ज्याची ओळख वेब सर्व्हरने पटवून घेतली आहे त्यालाच देतो. ओळख पटवणे हे अपाचीचे काम असून ते त्याला सांगितलेले नसावे. 'एचटीपासडब्ल्यूडी'ने वापरकर्त्यांची फाइल करून 'बेसिक' पद्धतीची ओळख-तपासणी लावावी, आणि तीही एचटीटीपीएसवरच, कारण या पद्धतीत पासवर्ड वाटेत कूटबद्ध होत नाही. येथे एक बारकावा हमखास सुटतो. पुश करताना गिट दोन विनंत्या पाठवते : पहिली 'इन्फो/रेफ्स' या मार्गावर, 'सर्व्हिस=गिट-रिसीव्ह-पॅक' असा प्रश्न जोडून, आणि दुसरी प्रत्यक्ष 'गिट-रिसीव्ह-पॅक'वर. तपासणी फक्त दुसऱ्या मार्गावर लावली, तर पहिल्या विनंतीत ओळख नसल्याने बॅकएंड तेथेच ४०३ देतो आणि पासवर्ड विचारण्याची वेळच येत नाही. आपल्या पत्रातील 'न विचारताच' या शब्दांवरून हेच घडत असावे असे दिसते. 'एचटीटीपी.रिसीव्हपॅक' सरसकट चालू करणे हा यावरचा उपाय नव्हे. त्याने प्रयोगशाळेतील कोणीही कोणाच्याही रिपॉझिटरीत निनावी लिहू शकेल.

वेब सर्व्हर आणि गिट यांच्यातील व्यवहार विद्यार्थ्यांनी हाताने जोडून पाहावा हा हेतू असेल, तर ही रचना उत्तम आहे. केवळ प्रकल्प जमा करून घ्यायचे असतील, तर गिटी किंवा २०२२ मध्ये तिच्यातून वेगळे झालेले फोर्जेयो बसवून वापरकर्त्यांची यादी त्यांच्याकडे सोपवावी.

प्रश्न : घरच्या ब्रॉडबँडवर सर्व्हर ठेवून राउटरमध्ये ८० आणि ४४३ हे पोर्ट फॉरवर्ड केले आहेत. घरात सर्व चालते, बाहेरून काहीही उघडत नाही. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये बाहेरच्या विनंतीची एकही ओळ नाही.
— एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : लॉगमध्ये ओळच नाही, म्हणजे विनंती एनजिनएक्सपर्यंत आलेली नाही, तेव्हा त्याच्या सेटिंगमध्ये शोधण्यासारखे काही उरत नाही. राउटरच्या पानावर बाहेरील, म्हणजे 'वॅन' बाजूचा पत्ता पाहावा आणि आपला सार्वजनिक पत्ता दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरील पत्त्याशी ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील, विशेषतः राउटरमधील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातील असेल, तर सेवा पुरवणाऱ्याने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला आहे. आयपी पत्त्यांच्या टंचाईमुळे २०१२ मध्ये हा पट्टा याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. तेथे आपल्या राउटरमधील पोर्ट फॉरवर्डिंगला अर्थ राहत नाही, कारण खरे दार आपल्या राउटरच्याही पलीकडे आहे. स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घ्यावा, किंवा भाड्याचा लहान सर्व्हर घेऊन घरातील यंत्र वायरगार्ड या व्हीपीएन प्रोग्रॅमच्या (कूटबद्ध) बोगद्याने त्याला जोडावे. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे. घर बदलले तरी पत्ता बदलत नाही.

नेमकी उलटी तक्रारही येते, ती अशी की बाहेरून उघडते आणि घरात डोमेनच्या नावाने उघडत नाही. काही राउटर आतून निघून आपल्याच सार्वजनिक पत्त्यावर जाणारी विनंती परत आत वळवत नाहीत. घरातील डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) त्या नावापुढे सर्व्हरचा आतला पत्ता लिहिला की काम होते.

प्रश्न : उन्हाळ्यात दुपारची वीज गेली की आमचा सर्व्हर बंद पडतो. वीज आल्यावर कधी आपोआप सुरू होतो, कधी ५०२ दाखवतो, कधी तर बाहेरून अजिबात उघडत नाही. एकसारखी लक्षणे नसल्याने काय धरावे ते कळत नाही.
— एक वाचक, नवी पेठ, सोलापूर

उत्तर : लक्षणे तीन आहेत, कारणेही तीन असावीत. यंत्रच सुरू होत नसेल तर त्याच्या बायोसमध्ये, वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग असते, ती चालू करावी. ५०२ येत असेल तर एनजिनएक्स उठले आहे आणि गिटी उठलेली नाही. 'सिस्टमसीटीएल एनेबल गिटी' ही आज्ञा दिलेली आहे का ते पाहावे. ती दिलेली असूनही कधी येते कधी नाही असे होत असेल, तर डेटाबेस उठण्याआधीच गिटी त्याच्याकडे जाऊन परत फिरत असावी. गिटीच्या नमुना सेवा-फाइलीत डेटाबेसची वाट पाहण्याच्या ओळी दिलेल्या असतात, पण त्यांच्यापुढे '#' चिन्ह असल्याने त्या निष्क्रिय असतात. आपण मायएसक्यूएल वापरत असाल तर तिच्या दोन ओळींपुढचे चिन्ह काढावे. बाहेरूनच उघडत नसेल, तर वीज गेल्याने राउटरही बंद झाला होता हे लक्षात घ्यावे : परत सुरू होताना त्याने सर्व्हरला नवा आतला पत्ता दिला आणि पोर्ट फॉरवर्डिंग जुन्याच पत्त्याकडे राहिले. राउटरमध्ये त्या यंत्रासाठी पत्ता राखून ठेवला की हा घोळ थांबतो.

यंत्र पत्र्याखालच्या खोलीत असल्याचे आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत ते योग्य नाही. त्याला तळमजल्यावर आणावे आणि राउटरसह लहान यूपीएसवर ठेवावे. लिहिता लिहिता वीज गेली तर गिटमधील एखादी फाइल रिकामी राहू शकते. म्हणून अशा प्रत्येक प्रसंगानंतर संबंधित रिपॉझिटरीत 'गिट एफएससीके' चालवावे. काही खराब निघाले तर सहकाऱ्यांच्या संगणकांवरील क्लोनमधून कोड बहुतेक वेळा परत मिळवता येतो. पण वापरकर्त्यांची खाती, इश्यू (नोंदवलेल्या अडचणी) आणि पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याच्या विनंत्या) क्लोनमध्ये नसतात, या गोष्टी फक्त गिटीच्या डेटाबेसमध्ये असतात. त्यासाठी 'गिटी डंप'ची प्रत रोज रात्री घेऊन ती दुसऱ्या जागी असलेल्या यंत्रावर पाठवावी.